जलसंजीवनी : प्रयोगशाळेतून ओठांपर्यंत



काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एका लहान गावात भरले होते. तिसऱ्या रात्री एका विद्यार्थ्याला जुलाब सुरू झाले. औषधांची पेटी उघडून पाहिली, तर हवी ती पाकिटे संपलेली. 'अशा वेळी साखर-मीठ-पाणी द्यावे' एवढे मला ठाऊक होते. मी तांब्याभर पाणी घेतले, त्यात अंदाजाने साखर टाकली, दोन चमचे मीठ टाकले, ढवळले आणि त्याला घोट घोट पाजू लागलो. पहाटेपर्यंत त्याचे जुलाब थांबले नाहीत, उलट तहान वाढली.

उजाडल्यावर गावातल्या आशाताई आल्या. त्यांनी तांब्यातले थोडे पाणी तळहातावर घेतले, जिभेला लावले आणि तांब्या अंगणात रिकामा केला.

"सर, डोळ्यातल्या पाण्याहून खारट झालंय हे. यानं पोराच्या अंगातलं पाणी आणखी जाईल."

मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढले, लिटरची बाटली मागवली, उकळून गार केलेले पाणी मोजून घेतले आणि संपूर्ण पाकीट त्यात विरघळवले. दुसऱ्या दिवशी मुलगा हिंडू-फिरू लागला. मी मात्र बराच वेळ विचार करीत होतो. परासरण हा विषय मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे. तो मला सूत्रासह येत होता. आशाताईंना तो जिभेने येत होता. त्या रात्री उपयोगी पडले ते कोणाचे ज्ञान?

ज्ञान असणे आणि ते रुग्णाच्या ओठांपर्यंत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधले अंतर कसे कापले जाते, हे पाहण्यासाठी त्या साध्या पाकिटाच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण नाही. या पाकिटाला आपण 'जलसंजीवनी' म्हणतो. ओआरएस या नावानेही ते तुम्हाला परिचित असेल.

काकडी आणि आतडे

आधी थोडे पदार्थविज्ञान पाहू. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की तिला पाणी सुटते. मनुका पाण्यात टाकल्या की त्या फुगतात. दोन्हींचे कारण एकच. पेशींच्या पटलातून पाण्याचे रेणू सहज जातात, परंतु विरघळलेले कण तितक्या सहज जात नाहीत. अशा वेळी ज्या बाजूला विरघळलेले कण जास्त, त्या बाजूला पाणी ओढले जाते. हेच परासरण.

आपल्या आतड्याचे अस्तरही पेशींचेच बनलेले असते. आपण पितो ते पाणी आणि शरीर स्वतः आतड्यात सोडते ते पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव आतड्यातून जातो. त्यातला बहुतेक सर्व भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या रोगात हा हिशेब कोलमडतो. तीव्र पटकी झालेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. त्याबरोबर क्षारही जातात. रक्त दाट होते, नाडी क्षीण होते, आणि उपचार न झाल्यास काही तासांतच माणूस दगावतो.

मग भरपूर पाणी प्यावे, म्हणजे झाले! असे तुम्हाला वाटेल. पण नुसते पाणी प्याल्याने गेलेले क्षार भरून निघत नाहीत, आणि मिठाचे पाणी प्याल्यास ते आतड्यात पुरेसे शोषले जात नाही. पटकीच्या रुग्णाला तोंडाने काही देण्यात अर्थ नाही, असेच डॉक्टरांना फार काळ वाटत होते.

ज्ञानाचे सुटे तुकडे

सन १८३१ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पटकीची साथ आली. विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले आणि त्यातले पाणी व क्षार घटल्याचे दाखवून दिले. ते वाचून स्कॉटलंडमधील थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये क्षारांचे द्रावण रुग्णांच्या थेट शिरेत सोडले. मरणाच्या दारातले काही रुग्ण उठून बसले. आजच्या 'सलाइन'चा हा आरंभ होय. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण सलाइनला निर्जंतुक द्रावण लागते, सुया लागतात, नळ्या लागतात आणि शीर शोधणारा कसबी हात लागतो. पटकी येते ती बहुधा जिथे यांपैकी काहीच नसते अशा ठिकाणी.

आता कलकत्त्याला येऊ. तेथील डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये मीठ आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून पटकीच्या सौम्य रुग्णांना तोंडाने दिले, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्धही केले. एका लिटरला ४ ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, असे ते प्रमाण होते. पण तुलनेसाठी रुग्णांचा दुसरा गट नव्हता, आणि किती द्रव आत गेला व किती बाहेर पडला याची मोजणी नव्हती. हे द्रावण का लागू पडते, हेही कोणाला सांगता येत नव्हते. जगाने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

त्याच शहरात १९५९ मध्ये शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून सिद्ध केले की, पाणी बाहेर काढतात ते प्रत्यक्ष जंतू नव्हेत, तर जंतूंनी सोडलेले विष. या रोगात आतड्याचे अस्तर सोलवटून जाते, अशी जुनी समजूत होती. १९६० मध्ये झालेल्या तपासण्यांत तीही चुकीची ठरली. अस्तर जागच्या जागी शाबूत असते.

त्याच वर्षी, १९६० मध्ये, प्राग येथील एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. आतड्यातील पेशींच्या पटलावर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांपैकी एका दाराची रीत गमतीची आहे. ग्लुकोज एकटे आले तर त्याला आत प्रवेश नाही, सोडियम एकटे आले तर त्यालाही नाही. दोघे जोडीने आले की दार उघडते. आणि हे दोघे आत गेले की आतल्या बाजूचे कण वाढतात व परासरणाने पाणी त्यांच्या मागोमाग जाते. म्हणजे मिठाला आत नेण्यासाठी साखर लागते, आणि पाण्याला आत नेण्यासाठी ती दोघे लागतात!

पटकीचे विष हे दार बंद करू शकत नाही. ते पाणी बाहेर टाकणारी निराळी यंत्रणा चालू करते, पण आत घेणारे हे दार काम करीतच राहते. घराला मागून गळती लागली असली तरी पुढचा दरवाजा उघडाच आहे, असे समजा.

पाहा, मित्रहो, १९६० मध्ये ज्ञानाचे सगळे तुकडे हजर होते. परंतु क्रेन यांचा विषय होता साखरेचे शोषण. पटकीचे रुग्ण त्यांच्यासमोर नव्हते. चॅटर्जींच्या समोर रुग्ण होते, पण त्या दाराची माहिती नव्हती. जोडीने आल्याशिवाय दार उघडत नाही, हा नियम माणसांनाही लागू पडतो तो असा.

खाट, बादली आणि मोजपट्टी

हे तुकडे जोडण्याचे काम सरळ झाले नाही. अमेरिकेच्या नौदलातील डॉक्टर रॉबर्ट फिलिप्स यांनी १९६२ मध्ये मनिला येथे ग्लुकोज-क्षारांचे द्रावण तोंडाने देऊन पाहिले. पहिले निष्कर्ष आशादायक होते. पुढच्या प्रयोगात मात्र क्षारांचे प्रमाण जास्त झाले आणि काही रुग्ण दगावले. फिलिप्स यांनी काम थांबवले. तत्त्व बरोबर होते, प्रमाण चुकले होते. माझ्या तांब्याची गोष्ट इथे तुम्हाला आठवेल. रुग्णाच्या बाबतीत 'अंदाजाने' हा शब्द किती महाग पडतो!

पुढे फिलिप्स ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. ढाका त्या वेळी पूर्व पाकिस्तानात होते. येथे प्रयोगशाळा आणि रुग्णालय एकाच आवारात होते, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. येथील खाटा पाहण्यासारख्या असत. खाटेच्या मध्यभागी एक भोक, त्याखाली मापाच्या खुणा केलेली बादली. रुग्णाच्या शरीरातून किती द्रव गेला, हे बादलीकडे पाहून कोणालाही वाचता येई. पटकी हा रोग अशा रीतीने मोजता येऊ लागला.

डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश हे दोन तरुण डॉक्टर येथे काम करीत होते. आधीचे एक प्रयत्न फसलेले त्यांनी पाहिले होते. आकडे तपासताना नॅलिन यांच्या लक्षात आले की, रुग्णांना जितके द्रावण मिळाले त्याहून जास्त त्यांच्या शरीरातून जात होते. तेव्हा युक्ती एवढीच : जितके बाहेर गेले, निदान तितके आत घालायचे. रफिकुल इस्लाम व मजीद मुल्ला या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६८ मध्ये २९ रुग्णांवर याची चाचणी घेतली. अगदी खालावलेल्या रुग्णांना आरंभी सलाइन, आणि ते सावरले की तोंडाने द्रावण, असा क्रम ठेवला. सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली.

इथे संशोधक कोण आणि उपचार करणारे कोण, हे सांगणे कठीण आहे. रात्री बादलीची खूण वाचणारी परिचारिका नसती, तर सकाळी गणित करायला आकडे कुठून मिळाले असते?

बनगाव, १९७१

तरीही बहुतेक डॉक्टरांचा विश्वास बसेना. रुग्णालयात ठीक आहे, कुशल माणसे देखरेखीला आहेत. पण बाहेर कसे जमणार, असे ते म्हणत. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ लवकरच आली, आणि ती फार वाईट रीतीने आली.

बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात, १९७१ साली, सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरील बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली. कलकत्त्यात संशोधन करणारे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस आपल्या तुकडीसह तेथे पोचले. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत जमिनीवर रुग्ण पडलेले होते. त्यांना सलाइन लावायचे तर त्यांच्या मलमूत्रातच गुडघे टेकून बसावे लागत होते. थोड्याच दिवसांत सलाइनचा साठा संपत आला.

महालनबीस यांच्यापुढे दोन मार्ग होते : साठा येईपर्यंत वाट पाहणे, किंवा आजवर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच दिलेले द्रावण सामान्य माणसांच्या हाती देणे. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. द्रावणाचे प्रमाण मुद्दाम सोपे ठेवले. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम साधे मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. कलकत्त्यातील त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयाच्या खोलीत हे पदार्थ तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जात आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने चिकटवली जात. बनगावला त्या पिशव्या पिंपातल्या पाण्यात रिकाम्या करायच्या. पिंपाला तोटी. रुग्णांच्या आया, बहिणी, भाऊ पेल्यांत द्रावण भरून घेत आणि पाजत. एका लिटरचा खर्च त्या काळी अकरा पैसे आला.

आठ आठवड्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. त्यांतले ३.६ टक्के दगावले. त्यापूर्वी हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. तुम्हीच गुणाकार करून पाहा, म्हणजे या टक्क्यांमागे किती माणसे उभी आहेत ते कळेल.

सुव्यवस्थित चाचणी नव्हे, म्हणून या कामाच्या निष्कर्षांकडे प्रथम शंकेने पाहिले गेले. ते १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण जागतिक आरोग्य संघटनेतील डॉ. धीमन बरुआ यांनी ते काम स्वतः पाहिले होते व त्यांनी त्याचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये संघटनेने अतिसारावरील जागतिक कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून या साध्या द्रावणाने पाच कोटींच्या वर प्राण वाचवले असावेत, असा अंदाज आहे. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

चिमूट हेही एकक

पाकीट झाले, पण खेड्यातल्या घरात पाकीट नसेल तर? बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन आयांना हे द्रावण शिकवले. आधा शेर पाणी, तीन बोटांत मावेल एवढी मिठाची चिमूट, आणि मूठभर गूळ. आपण पदार्थविज्ञानवाले एककांबद्दल फार काटेकोर असतो. पण चिमूट आणि मूठ ही प्रत्येक घरात असलेली एकके आहेत. ती पुरेशी अचूक आहेत का, हे पाहण्यासाठी आयांनी बनवलेल्या द्रावणाचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांतला सोडियम मोजला जाई. शिकवणाऱ्या बाईंचा पगारही, महिन्याभराने त्या घरातील आईला किती आठवते आणि ती द्रावण कसे बनवते, यावर ठरे.

इतके करूनही आरंभी फार थोड्या आया द्रावण प्रत्यक्ष वापरत होत्या. शोध घेतल्यावर कळले की, शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत! मग त्यांना ढाक्याला बोलावून द्रावण काम कसे करते ते समजावून दिले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेच नव्हते. तेव्हा बाजारांत आणि मशिदींतही सभा घेण्यात आल्या. सव्वा कोटीच्या आसपास घरे पालथी घातल्यावर हे ज्ञान एका पिढीच्या अंगवळणी पडले.

पाकिटातले गणित

आता आजच्या पाकिटाकडे वळू. प्रत्यक्ष वापराचा अनुभव संशोधकांकडे परत आला, आणि मूळचे द्रावण थोडे दाट आहे असे दिसले. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण बदलले. एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. वही घेऊन हिशेब करा. ग्लुकोजचा रेणुभार १८०, म्हणून १३.५ ग्रॅम म्हणजे ७५ मिलिमोल. मिठातून ४५ आणि सायट्रेटमधून ३० मिळून सोडियमही ७५. ती जोडी अशी बरोबरीने दारावर येते. सगळे कण मिळून २४५ होतात. पूर्वी ते ३११ होते. आपल्या रक्तात ही संख्या २९० च्या जवळपास असते. म्हणजे नवे द्रावण रक्तापेक्षा थोडे पातळ, आणि म्हणून पाणी आत जाते.

आणि माझा तांब्या? दोन सपाट चमचे मीठ म्हणजे सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे लिटरमध्ये एकट्या मिठाचेच ४०० हून अधिक मिलिमोल कण. कोशिंबिरीतल्या काकडीचे जे होते, तेच मी त्या मुलाच्या आतड्याचे करीत होतो.

शेवटचा घोट

मग गोष्ट संपली का? नाही. जगात आजही दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले अतिसाराने दगावतात. आपल्या देशात २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच जलसंजीवनी मिळाल्याचे आढळले.

असे का व्हावे? कर्नाटक आणि बिहारमध्ये केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सव्वादोन हजारांहून अधिक वैद्यकीय व्यावसायिक त्यात होते. लहान मुलाचे वडील असल्याची बतावणी करणारी प्रशिक्षित माणसे त्यांच्याकडे पाठवण्यात आली. कोणी जलसंजीवनी मागितली, कोणी प्रतिजैविक मागितले, कोणी काहीच मागितले नाही. पाकिटे शिल्लक नसणे किंवा इतर औषधांतून जास्त नफा मिळणे ही कारणे लहान ठरली. सर्वांत मोठे कारण निराळेच होते : 'लोकांना हे नको असते, त्यांना खरे औषध हवे असते,' असे डॉक्टरांना वाटत होते! ज्यांनी आपणहून जलसंजीवनी मागितली, त्यांना ती मिळण्याचे प्रमाण २७ टक्केबिंदूंनी वाढले.

म्हणजे साखळीची शेवटची कडी मागणाऱ्याच्या, तुमच्या-आमच्या, हातात आहे. मागताना नीट पाहून मागावे. 'ओआरएस' असे नाव लावलेली गोड पेयेही बाजारात विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने त्यांच्या वेष्टनावर तो शब्द छापण्यास मनाई केली. पाकिटावरील घटक वाचून वर दिलेल्या प्रमाणाशी ताडून पाहणे, हे नववीच्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखे आहे.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या तराजूवर विद्यार्थ्यांना आपापल्या घरातला चमचाभर मीठ तोलून पाहू द्यावे. प्रत्येक चमचा निराळा निघेल, आणि मोजण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेलच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, भर काढलेला नव्हे. घोट घोट द्यावे, लहान बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये, जेवण तोडू नये. डोळे खोल गेले, मूल सुस्तावले, पिईनासे झाले किंवा मलातून रक्त पडले, तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

आणि घरी द्रावण बनवलेत, तर पाजण्यापूर्वी एक थेंब आपल्या जिभेला लावा. डोळ्यातल्या पाण्याहून ते खारट लागता कामा नये. ही चाचणी मी आशाताईंकडून शिकलो. परासरणाचा पाठ घेताना आता मी तीच गोष्ट प्रथम सांगतो.